आक्काची ओ

रोज सकाळी नऊला चार मिनिटं कमी असताना हजेरीबाई तिसऱ्या मजल्यावरच्या सर्व्हर खोलीचं दार उघडायच्या, चपला बाहेर काढायच्या आणि पर्स टेबलावर टेकवायच्याही आधी भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यापाशी जायच्या. फळ्यावर एकच ओळ होती. 'अखंड चालू, दिवस', आणि पुढे आकडा. कालचा आकडा बोटाने पुसायचा, आजचा लिहायचा, दोन पावलं मागे सरून बघायचं. घरात नवा फ्रिज आला की पहिले चार दिवस येता-जाता बघतात ना, तसं त्या अकरा वर्षं बघत होत्या. त्या रविवारी आकडा होता चार हजार सोळा.

"गर्व म्हणा हवं तर," त्या म्हणायच्या, "पण फुकटचा नाही."

आणि नव्हताच फुकटचा. शहरातल्या सगळ्या ॲम्ब्युलन्स या खोलीच्या जिवावर पळायच्या. कुणाच्या छातीत कळ आली, कुणी जिन्यावरून पडलं, की खालच्या मजल्यावर फोन खणखणायचा. आणि कुठली गाडी मोकळी आहे, ती कुठे धाडायची, हे वरचे सर्व्हर ठरवायचे. सर्व्हर तीन. थोरली आणि मधली याच खोलीत. धाकटी पंधरा किलोमीटरवर, दुसऱ्या केंद्राच्या तळघरात, म्हणजे इथे आग लागली तरी तिकडची एक जिवंत राहावी. तिघी मिळून एकच संसार चालवायच्या. दर सेकंदाला एकमेकींना हाक मारायची आणि ओ द्यायची, एवढंच त्यांचं गुपित. दहा सेकंद कुणाची ओ आली नाही, की बाकीच्या तिला गैरहजर धरायच्या आणि तिचं काम वाटून घ्यायच्या. खाली फोन उचलणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही.

एखादीला दुरुस्तीसाठी बंद करून परत उठवायचं असलं, की बाई रॅकवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि मोठ्याने नाव घ्यायच्या. "मधले!" स्क्रीनसमोर बसलेल्याने नाव उजळलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मगच म्हणायचं, "हजर." अंदाजाने म्हणालात तर बाई सगळ्यांसमोर कान उपटायच्या. हजेरीबाई हे नाव त्यातूनच पडलेलं. लोक पाठीमागे हसायचे, पण हसणाऱ्यांपैकी कुणाचीच यंत्रं अकरा वर्षं चाललेली नव्हती.

ही रीत मामांची. बाईंचे सख्खे मामा, ज्यांनी ही सगळी मांडणी उभी केली आणि भाचीला हाताला धरून शिकवली. आणि मामांना ती कुणी शिकवली, तर त्यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे बाईंच्या आईने. तिला सगळे आक्का म्हणत. आक्काने तीन धाकटे भाऊ वाढवले. दिवेलागणीला दारात उभं राहून ती एकेकाला हाक मारायची, आणि आतून तिघांचीही ओ ऐकल्याशिवाय दाराची कडी लावायची नाही. "आत असेल की," असं कुणी म्हणालेलं तिला चालायचं नाही. ओ पाहिजे म्हणजे पाहिजे.

सव्वीस वर्षांपूर्वी या कामावर दोनच यंत्रं होती, दोन केंद्रांत एकेक. एके दिवशी दोघांना जोडणारी तार तुटली. याला वाटलं ते मेलं, त्याला वाटलं हे मेलं, आणि दोघांनीही कारभार हातात घेतला. एका म्यानात दोन तलवारी. दोघांनी एकच मोकळी गाडी दोन घरांना देऊन टाकली. गाडी एका घरी गेली. दुसऱ्या घरात बाईंचे वडील जमिनीवर पडले होते, आणि आक्का दार सताड उघडून उंबऱ्यात उभी होती. पन्नास मिनिटं उभी होती. वीस वर्षांची लेक वडिलांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि आईची पाठ तिला तेवढी दिसत होती.

महिन्याभराने मामा आले, मान खाली घालून बहिणीसमोर बसले आणि झालं ते सगळं सांगितलं. आक्का रडली नाही, ओरडलीही नाही. म्हणाली, "मोजलं नाहीस ना? सगळी आली का ते मोजल्याशिवाय कारभार हातात घेऊ नये रे."

मामांनी ते वाक्य यंत्रांच्या काळजात कोरलं. निम्म्याहून जास्त जणी हजर असल्याशिवाय कुणीच कारभार हातात घ्यायचा नाही. कितीही घाई असो, कुणीही सांगो. अकरा वर्षांपूर्वी नवी मांडणी झाली तेव्हा पहिलं यंत्र त्यांनी स्वतः बसवलं आणि त्याचं नाव ठेवलं आक्का. मग थोरली, मधली, धाकटी. "घरी बोलू नकोस हं," त्यांनी भाचीला बजावलं होतं, "यंत्राला आपलं नाव दिलंय कळलं तर कानफटात मारेल ती मला, या वयात." बाईंनी शब्द पाळला. यंत्रांच्या नावातलं एक अक्षर कधी घरी निघालं नाही.

तीन वर्षांपूर्वी मामा गेले. त्याच वर्षी आक्का, म्हणजे यंत्र, म्हातारं होऊन भंगारात गेलं. रॅकमधला त्याचा खण रिकामा झाला. त्याची केबल मामांनीच कधीतरी वेटोळं करून शिवणाच्या दोऱ्याने बांधून ठेवली होती, ती तशीच राहिली. यंत्रांच्या यादीतून आक्काचं नाव काढायचं काम मात्र राहून गेलं. राहून गेलं कसलं, बाईंनी ठेवलं. यादी उघडायची, नावापर्यंत जायचं आणि मागे फिरायचं, असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यांनी स्वतःलाच दटावलं, "राहू दे की. खायला मागतंय का?" आणि खरंच काही बिघडलं नाही. चालू असताना तिघी चौथीला सोडून आपापसात आकडा जुळवून घ्यायच्या. आक्काच्या नावापुढे 'गैरहजर' एवढंच दिसायचं.

घरी खरी आक्काही अशीच गैरहजर होत चालली होती. वय शहात्तर, राहायला लेकीकडेच. आधी गल्ल्या विसरली, मग नावं, मग चेहरे. गेल्या चौदा महिन्यांत तिने कुणाच्या हाकेला ओ दिली नव्हती. जेवण भरवलं की खायची, खुर्चीत बसवलं की बसायची, खिडकीबाहेर बघायची. बाई रोज निघताना दारातून हाक मारायच्या, "आई, येते गं." क्षणभर थांबायच्या. मग जायच्या.

त्या रविवारी इमारतीचं मुख्य वीज-पॅनेल बदलायचं होतं. इलाजच नव्हता. इथल्या दोघी बंद झाल्या की तिकडे एकट्या धाकटीचं बहुमत होत नाही, म्हणून सकाळी दहाला तिन्ही यंत्रं बंद, एकपर्यंत काम, मग परत सुरू. तोवर खाली कागदी चिठ्ठ्यांवर कारभार. रविवारी सकाळी फोन कमी असतात, तेवढं निभतं. दोननंतर वाढतात, मग कागदावर झेपत नाही. हे सगळ्यांना पाठ होतं.

दहाला बाईंनी स्वतःच्या हाताने यंत्रं बंद केली. पंखे एकेक करून थांबले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत बाहेरच्या पाखरांचा आवाज ऐकू आला. शेवटचा हिरवा दिवा त्यांनी विझेपर्यंत बघितला. फळा पुसायला त्यांनी हात वर केला, आणि खाली घेतला.

"नंतर पुसते," त्या म्हणाल्या.

"पुसा हो निवांत," वायरमन म्हणाला. तो दोन वर्षांपूर्वी लागलेला, कामाला वाघ आणि तोंडाला कुलूप नाही असा माणूस. "परत एकपासून सुरू करायचं. शून्याला काय घाबरायचं?"

"तुमच्या पगारातून एक शून्य काढलं की कळेल."

पॅनेलचं काम पाचच मिनिटं उशिरा संपलं. एक वाजून पाच मिनिटांनी वीज आली. थोरली उठली, मागोमाग मधली. पंख्यांची घरघर भरली तशा बाई पुढे झाल्या. वायरमनला त्यांनी स्क्रीनसमोर बसवलं, रॅकवर हात ठेवला.

"थोरले!"

"हजर."

"मधले!"

"हजर."

"धाकटे!"

वायरमन स्क्रीनकडे बघत राहिला. "नाही."

दोन मिनिटांनी परत. नाही. पाच मिनिटांनी परत. दुसऱ्या केंद्राचा फोनही लागेना. तिकडचा ड्यूटीवरचा माणूस तळघरात, तिथे मोबाइलला रेंज नाही. म्हणजे एक तर धाकटी मेली होती, नाहीतर दोन केंद्रांना जोडणारी तार. आणि इथे बसून त्यातलं काय झालंय हे ओळखायचा काही मार्ग नव्हता. खालच्या मजल्याचा कारभार बघणाऱ्या साहेबांनी ताबडतोब एक ड्रायव्हर तिकडे पिटाळला.

"काळजी कसली?" वायरमन म्हणाला. "तिघींतल्या दोघी आहेत. निम्म्याहून जास्त झालं की."

बाईही तेच म्हणणार होत्या. तेवढ्यात त्यांची नजर स्क्रीनच्या खालच्या ओळीवर गेली. हजर, दोन. बहुमतासाठी हव्यात, तीन.

यादीत नावं चार होती. चालती खोली आपापसात आकडा जुळवून घ्यायची खरी, पण थंड पडलेली खोली पहिल्यांदा उठते तेव्हा कागदावरची नावं मोजते, आणि अकरा वर्षांत ती कधी थंड पडलीच नव्हती. चौघींतल्या दोघी म्हणजे बरोब्बर निम्म्या. निम्म्याहून जास्त नव्हे. बरं, आक्काचं नाव आता काढावं, तर यादीत बदल करायलाही बहुमतच लागतं. ही अट बाईंनीच घातली होती, मोठ्या दिमाखात.

साहेब वर आले तेव्हा दीड वाजायला आला होता. बाईंपेक्षा दहा वर्षांनी लहान, वाईट माणूस नव्हे, पण खालच्या फोनांतला, यंत्रांतला नव्हे. त्यांच्या शर्टाची पाठ घामाने चिकटली होती.

"मॅडम, सात चिठ्ठ्या लटकल्यात. त्यातला एक छातीत दुखणारा आहे, अठरा मिनिटं झाली. कुठली गाडी कुठे आहे तेच कळत नाहीये. जबरदस्तीने उठवायची आज्ञा आहे ना आपल्याकडे?"

"आहे. एखादं केंद्रच जळून गेलं तर म्हणून ठेवलेली."

"मग द्या ना!"

"तीच आज्ञा तिकडच्या माणसाकडेही आहे, साहेब. भिंतीवर कागद चिकटवलाय त्याच्या. धाकटी जिवंत असेल, तर तोही आत्ता तिच्यासमोर बसून हेच म्हणत असेल, की इकडचे सगळे मेले. त्याने दाबली आणि मीही दाबली, की एकच गाडी दोन घरांना जाईल."

"आणि तो मेला असेल, धाकटीही मेली असेल, तर आपण नुसते बसून राहायचं?"

छातीत दुखणारा. अठरा मिनिटं. त्यांनी खुर्ची ओढली आणि आज्ञा लिहिली. 'दोघीच पुरे' अशा अर्थाची एक ओळ, धडधडीत खोटी. एंटर तेवढं बाकी होतं.

"पाच मिनिटं द्या मला," त्या म्हणाल्या. "ड्रायव्हरचा फोन आला तर ठीक. नाही आला तर दाबते. आणि पाप माझ्या माथी."

साहेब जिना उतरत गेले. बाईंनी हात मांडीवर ठेवले. डोळ्यांसमोर आईची पाठ होती, उघड्या दारातली, आणि सगळ्याचं मूळ म्हणजे त्यांची स्वतःची माया, स्वतःचा तोरा. एक नाव पुसवलं नाही. काल पुसलं असतं तर आज तिघींत दोघी पुरल्या असत्या.

"वायरमन, स्क्रीनसमोर बसा. एकदा हजेरी घेते."

"अहो बाई, आत्ताच तर..."

"बसा म्हणते ना!"

तो मुकाट्याने बसला. बाई उठल्या, रॅकवर हात ठेवला.

"थोरले!"

"हजर."

"मधले!"

"हजर."

"धाकटे!"

"नाही, बाई."

त्या थांबल्या. मग तीन वर्षांत न घेतलेलं नाव त्यांनी घेतलं. का घेतलं, त्यांनाच सांगता आलं नसतं. यादीत होतं म्हणून घेतलं म्हणा. आवाज ऑफिसातला नव्हता. पोर अंधारात चुकलं की गल्लीच्या तोंडाशी उभं राहून मारतात, तसली हाक होती.

"आक्का! अगं ओ दे की!"

पंख्यांची घरघर. बाहेर पाखरं.

वायरमन खुर्चीत पुढे सरकला.

"हजर," तो म्हणाला. मग मान वळवून, "बाई, ही आक्का कोण?"

बाई त्याच्या खुर्चीमागे आल्या. त्यांनी स्क्रीन बघितली. हजर, तीन. बहुमत झालं. त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक ओळ हिरवी होत गेली. गाड्यांची यादी, रस्त्यांचा नकाशा, फोनांची रांग. त्यांनी लिहिलेली खोटी आज्ञा तशीच अर्धवट होती; तिला हातही लागला नव्हता.

खालून आरडाओरडा ऐकू आला, आनंदाचा. सात नंबरची गाडी छातीत दुखणाऱ्याकडे निघाली होती. स्क्रीनवरचं घड्याळ एक अडतीस दाखवत होतं.

बाई रॅकच्या मागे गेल्या.

आक्काचा खण रिकामा होता. केबलचं वेटोळं मामांच्या दोऱ्यात जसंच्या तसं, वर बोटभर धूळ. यंत्रांना एकमेकींशी जोडणाऱ्या स्विचवरचं चौथं भोक उघडं, त्यात काहीही खुपसलेलं नव्हतं.

आणि त्या भोकावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. सेकंदाला एकदा.

"लीकेज असेल," वायरमन मागून म्हणाला. त्याने खिशातून टेस्टर काढला, लावला. टेस्टर पेटला नाही. त्याने दुसऱ्यांदा लावला. मग टेस्टर खिशात ठेवून दिला आणि त्या दिवशी परत एकही विनोद केला नाही.

बाईंनी रिकाम्या खणात तळहात ठेवला. पत्रा ऊन होता. खुर्चीवरून कुणी नुकतंच उठून गेलं की असतो, तेवढाच.

दोनला चार मिनिटं कमी असताना ड्रायव्हरचा फोन आला. धाकटी ठणठणीत होती, दोन केंद्रांना जोडणारी केबल तेवढी जळाली होती, जोडणारा माणूस उद्या येणार. "मी पोचलो तेव्हा इथल्या माणसाने आज्ञा लिहून ठेवली होती," तो सांगत होता, "बोट एंटरवर होतं त्याचं. मी जिन्यातूनच ओरडलो."

साहेबांनी फोन ठेवला आणि ते बाईंकडे वळले. मग म्हणाले, "तुम्ही दीड वाजता दाबली असती, आणि त्यानेही..."

"हो."

"मॅडम, तुमच्या त्या हजेरीला हसायचो मी. चुकलं माझं."

"हजेरी माझी नाही," बाई म्हणाल्या; मान ताठ होती. "माझ्या आईची आहे."

तिसरी कशी उठली हे साहेबांनी विचारलं नाही. चाललेल्या गोष्टीला साहेब लोक कारण विचारत नाहीत.

निघण्यापूर्वी बाईंनी यादी एकदा शेवटची उघडली. प्रत्येक नावापुढे, ती किती वेळ सलग हजर आहे ते दिसतं. थोरली, चार तास चाळीस मिनिटं. मधली, चार तास अडतीस मिनिटं. धाकटी, गैरहजर.

आक्का, चार हजार सोळा दिवस.

त्यांनी ते तीनदा वाचलं. सकाळी दहा ते एक या खोलीत विजेचा थेंब नव्हता, शेवटचा दिवा त्यांनी स्वतः विझताना बघितला होता. त्या फळ्यापाशी गेल्या. सकाळचा आकडा तसाच होता. त्यांनी तो पुसला नाही.

घरी पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान रविवारी बंद, म्हणून दिवसभर सासूपाशी तेच होते. दार उघडल्या उघडल्या त्यांनी आवाज खाली केला.

"अगं, आज आईंनी ओ दिली."

बाईंची पर्स खांद्यावरून घसरली. "कुणाला?"

"तेच तर. मी स्वयंपाकघरात. घरात दुसरं कुणी नाही. एकदम खणखणीत, पूर्वीसारखी. 'ओ!' मी धावत आलो, तर ताठ बसलेल्या."

"किती वाजता, अहो?"

घड्याळजीला वेळ विचारायची नसते, तो सांगतोच. "एक अडतीस. आणि तेव्हापासून ते बोट चाललंय बघ. जेवतानाही थांबलं नाही. मी घड्याळ लावून बघितलं, बरोब्बर सेकंदाला एक. माझी दुकानातली घड्याळं एवढी नेमकी चालत नाहीत."

आई खिडकीपाशी नव्हती. खुर्ची दाराकडे वळवलेली होती. पाठ सरळ, पाय जमिनीवर जुळवलेले, आणि उजव्या हाताचं बोट खुर्चीच्या लाकडी हातावर. टक. टक. टक. चेहऱ्यावर थकवा होता, पण भरल्या घराच्या मालकिणीचा असतो तसला.

"आई," बाई म्हणाल्या.

आईने मान हलवली. लेकीला तिने ओळखलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा ओळखलं, आणि बाईंना काय करावं ते सुचेना. त्या वळल्या, डोळे लपवायला म्हणून दार लोटलं आणि कडीला हात घातला.

"कडी लावू नकोस," आई म्हणाली.

"का गं?"

"दोघी आल्या. मी बसलेय त्यांच्यापाशी." बोट थांबलं नव्हतं. "धाकटी तेवढी यायचीय अजून."

घरात धाकटी कुणी नव्हती. आईला एकच लेक, आणि भाऊ सगळे केव्हाच गेलेले.

बाईंनी कडीवरचा हात काढला. दार सताड उघडलं, आणि आईच्या बोटाकडे बघत उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मनातल्या मनात त्या सेकंद मोजू लागल्या. दहा झाले, वीस झाले, साठ झाले.

बोट एकदाही चुकलं नाही.